कुंडी बदलल्यावर सक्युलंट रुसलंय? सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेड, एचेवेरिया, हॉवर्थिया, स्नेक प्लांट, कोरफड ही सक्युलंट, म्हणजे पानांत-खोडांत पाणी साठवणारी मंडळी आता आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक खिडकीत असतात. नर्सरीतून आणलं तेव्हा झाड टवटवीत असतं. घरी आणून चांगल्या कुंडीत लावलं की पंधरा दिवसांत पानं मलूल होतात आणि मग फोटो यायला लागतात. त्या फोटोंसोबत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सातारा आणि सांगली जिल्ह्यांची हवा, माती आणि पाणी धरून दिली आहेत. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्याबद्दलचं सगळं आणखी कडकपणे पाळावं.

कुंडी बदलून आठवडा झाला. पानं सुरकुतली आहेत. पाणी घालू का?

लगेच नको. सगळ्यात जास्त झाडं याच टप्प्यावर हातची जातात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

कुंडी बदलताना आपण कितीही हलक्या हाताने काम केलं तरी बारीक मुळं तुटतातच. पाणी ओढायचं काम जाड मुळं फारसं करत नाहीत, ते करतात ही केसासारखी बारीक मुळं. द्राक्षबागायतदार तिला पांढरी मुळी म्हणतात आणि बागेची तब्येत तिच्यावरून जोखतात. ती तुटली की कुंडीत कितीही पाणी असलं तरी झाडाला ते उचलता येत नाही. मग झाड पानांत साठवलेलं पाणी वापरायला लागतं आणि पानं सुरकुततात. म्हणजे झाड स्वतःची शिदोरी खातंय, आणि सक्युलंटकडे ती काही आठवड्यांची असते.

आपण सुरकुती बघतो, "तहानलंय" म्हणतो आणि तांब्याभर पाणी ओततो. ते पाणी तुटलेल्या मुळांच्या उघड्या जखमांभोवती साचतं. मातीतली हवा निघून जाते, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि मूळकुजीची बुरशी आत शिरते. कोरड्या मातीत दोन आठवडे सहज तगलं असतं ते झाड ओल्या मातीत आठ दिवसांत जातं.

म्हणून कुंडी बदलल्यावर उन्हाळ्या-हिवाळ्यात पाच ते सात दिवस आणि पावसाळी हवेत दहा दिवस पाणी बंद ठेवा. तेवढ्यात जखमा सुकतात. त्यानंतर पहिलं पाणी द्या, तेही खालची पानं पिचपिचीत झालेली नसतील तरच.

नुसतं सुरकुतलंय की कुजतंय, हे कसं ओळखायचं?

डोळ्यांनी फसायला होतं, बोटांनी ओळखता येतं. सगळ्यात खालचं एक पान अंगठा आणि पहिल्या बोटात धरा आणि हलकेच दाबा.

तहानलेलं पान पातळ झालेलं असतं, त्यावर उभ्या रेघा पडतात आणि ते थोडं वाकतं, पण त्याची साल कोरडी असते. रंग मूळचाच किंवा जरासा फिका असतो. खालची पानं देठापासून टोकापर्यंत सारखी वाळत कागदासारखी झाली तर घाबरू नका. झाड जुन्या पानांतलं पाणी काढून वरच्या शेंड्याला पुरवत असतं.

कुजणारं पान पिचपिचीत लागतं. ते पिवळट, मेणचट, जवळजवळ पारदर्शक दिसतं. नुसता हात लागला तरी खोडापासून सुटून येतं आणि सुटलेल्या जागी ओल दिसते. खोडाचा बुंधा काळपट, तपकिरी झालेला असतो. कुंडी नाकाजवळ नेली तर नासल्यासारखा आंबूस वास येतो. निरोगी सक्युलंटच्या मातीला असा वास कधीच येत नाही.

तिसरीही एक शक्यता असते. पान घट्ट आहे, पण त्यावर एका बाजूला पांढरट-तपकिरी कोरडा डाग पडलाय, तर ते ऊन भाजलंय. तो डाग जात नाही, पण त्याने झाड मरतही नाही.

मातीतून काढून मुळं बघू का? पुन्हा धक्का बसेल ना?

पानं नुसती सुरकुतली असतील तर हात लावू नका. रोज उपटून "मुळं आली का" बघणाऱ्यांची झाडं मुळं धरतच नाहीत. पण पिचपिचीत पानं, काळा बुंधा किंवा वास यांतलं एक जरी लक्षण दिसलं तरी त्याच दिवशी काढा, उद्यावर टाकू नका.

काढताना वरून ओढू नका. कुंडी आडवी करा, कडेला थापट्या मारा आणि गोळा सरकवत बाहेर घ्या. जिवंत मुळं पांढरी, मळकट पांढरी किंवा फिक्या तपकिरी रंगाची आणि टणक असतात. कुजलेली मुळं काळी असतात, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि मधला दोरा तेवढा उरतो.

मुळांच्या मधोमध बघायलाही विसरू नका. नर्सरीत रोप तयार करताना कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेली जाळीची किंवा कापडी छोटी पुडी वापरतात. रोप मोठं झालं तरी ती तशीच आत राहते. आपण बाहेरून कितीही छान माती घातली तरी ती पुडी आत ओली राहते, नाहीतर पूर्ण वाळून दगडासारखी होते आणि मग पाणीच पीत नाही. पुण्या-बंगळूरहून मागवलेल्या रोपांत ती हमखास सापडते. बारीक कात्रीने ती उभी कापून अलगद काढून टाका. "सगळं बरोबर करूनही झाड सुधारत नाही" अशा कितीतरी तक्रारींचं मूळ या पुडीत असतं.

मुळं कुजली आहेत. आता झाड वाचेल का?

बुंध्याच्या वर हिरवं आणि घट्ट काही उरलं असेल तर नक्की वाचू शकतं. फक्त कापायला कचरू नका.

धारदार ब्लेड किंवा चाकू स्पिरिटने पुसून घ्या. कुजलेल्या भागाच्या वर कापा आणि काप बघा. मध्ये तपकिरी ठिपका किंवा वर्तुळ दिसलं तर आणखी अर्धा सेंटिमीटर वर कापा, ब्लेड पुन्हा पुसून. काप एकसारखा फिक्का हिरवा किंवा पांढरा दिसेपर्यंत हेच करत राहायचं. एचेवेरियाचा बहुतेक वेळा नुसता गड्डा, म्हणजे वरचा पानांचा गुच्छ, हातात उरतो. उरू द्या.

मग खालच्या दोन-तीन ओळी पानं काढून इंचभर खोड मोकळं करा आणि झाड कोरड्या, सावलीच्या, वाऱ्याच्या जागी वर्तमानपत्रावर ठेवून द्या. पाणी नाही, माती नाही. हिवाळ्यात तीन-चार दिवसांत कापावर कोरडी खपली धरते. जून ते सप्टेंबर आठवडा किंवा त्याहून जास्त लागतो. जेडच्या जाड फांदीला आणखी वेळ द्या.

खपली धरली की कोरड्या मिश्रणावर नुसतं टेकवून ठेवा. साधारण दोन ते चार आठवड्यांत खोडाच्या बाजूने गुलाबी-पांढरे धागे फुटतात. ही नवी मुळं. ती दिसली की कुंडीच्या कडेने थोडं पाणी. त्याआधी पाणी देऊन काही साधत नाही, कारण ते पिणारं कोणी नसतं.

कापावर दालचिनी, हळद की बुरशीनाशक?

जखम सुकवण्याचं खरं काम कोरडी हवा करते. काप स्वच्छ असेल तर वर काहीच लावलं नाही तरी चालतं. सांगलीत घरोघरी हळद असते, म्हणून लोक ती लावतात. चिमूटभर लावल्याने बिघडत नाही, पण कूज शिल्लक ठेवून वर हळद थापली तर कूज आतून चढत राहते. दालचिनी कापावर चालेल, पण चांगल्या मुळांवर भुरभुरू नका, ती बारीक मुळांना सुकवते.

घरात द्राक्षबाग असेल तर बुरशीनाशकाचा डबा असतोच, आणि मोह होतो. मूळकुजीला कारण ठरणाऱ्या बुरश्या एकाच जातीच्या नसतात. कार्बेन्डाझिमसारखं औषध पिथियम आणि फायटोप्थोरा यांच्यावर चालत नाही. तेव्हा औषध टाकलं म्हणजे कापायची गरज नाही असं समजू नका. आणि बागेसाठी आणलेली औषधं बंद खोलीत, मुलं वावरतात तिथे फवारू नका.

परसातली काळी माती वापरली. तेच चुकलं का?

हो, बहुधा तेच. कृष्णाकाठची काळी माती उसाला, हळदीला सोन्यासारखी आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. शेतात हे चालतं, कारण खाली कित्येक फूट माती असते. पाच इंची कुंडीत तीच माती पावसाळ्यात महिनाभर ओली राहते. उन्हाळ्यात आकसते तेव्हा कुंडीच्या कडेला फट पडते, पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. शिवाय आकसताना ती बारीक मुळं तोडते ते वेगळंच.

शेतकऱ्याला वाफसा कळतो, म्हणजे जमिनीत ओल आणि हवा दोन्ही बरोबर असण्याची स्थिती. सक्युलंटच्या कुंडीत पाणी घातल्यापासून काही तासांत वाफसा यायला हवा आणि काही दिवसांत माती पार कोरडी व्हायला हवी. हे साधेल असं मिश्रण घरच्या घरी करता येतं.

एक वाटी तांबडी माती, एक वाटी नीट कुजलेलं, चाळलेलं गांडूळखत आणि तीन वाट्या खरखरीत माल. हा माल म्हणजे विटांचे तुकडे, धुतलेली बारीक खडी, पर्लाइट किंवा प्यूमिस (हे हलके, सच्छिद्र खडे), जे मिळेल ते. मला विटांचे तुकडे सगळ्यात आवडतात. कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत नदीकाठाने वीटभट्ट्या आहेत आणि तुटक्या विटा सहज मिळतात. हातोडीने फोडा, दोन चाळण्यांतून काढा आणि ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे घ्या. चाळणीखाली पडलेली भुकटी टाकून द्या, ती मिसळली तर सगळी मेहनत वाया. क्रश सँड वापरायची तर आधी खळाखळा धुवा, नाहीतर तिच्यातली भुकटी कुंडीत थिजून बसते.

मिश्रण जमलं का ते बघायला कुंडी भरून वरून पेलाभर पाणी ओता. मोजून दहापर्यंत आकडे म्हणेस्तोवर खालून धार लागली पाहिजे. पाणी वर तळं करून थांबलं तर खरखरीत माल आणखी वाढवा.

निचऱ्यासाठी तळाशी खडीचा थर दिला आहे, तरी माती ओली का राहते?

कारण बारीक माती आपलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहज सोडत नाही. पूर्ण भिजून ठिबकायला लागेपर्यंत ते मातीतच धरलं जातं. परिणाम उलटा होतो. एरवी कुंडीच्या तळाशी राहिला असता तो चिकचिकीत ओला पट्टा खडीवर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. खडी तळाला घालण्यापेक्षा सगळ्या मातीत मिसळा. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एक खापरी पुरते.

कुंडी कोणती घ्यावी?

मातीची, भोकाची आणि लहान. मुळांच्या गोळ्यापेक्षा चोहोबाजूंनी बोटभर जागा पुरे. "पुढे वाढेल" म्हणून मोठी कुंडी घेतली की ज्या मातीत मुळंच नाहीत ती पाणी धरून बसते. कुंभाराकडची साधी, न रंगवलेली कुंडी भिंतींमधून ओल बाहेर टाकते. तिला बाहेरून ऑइलपेंट दिला की तो गुण गेला.

बिनभोकाच्या चिनी मातीच्या कपात किंवा काचेच्या भांड्यात झाड भेट मिळालं असेल तर पहिल्याच आठवड्यात बाहेर काढा. वरचे चिकटवलेले रंगीत खडेही काढा, त्यांच्याखाली माती वाळतच नाही.

आजारी झाड ठेवायचं कुठे? उन्हात की घरात?

उजेड भरपूर, थेट दुपारचं ऊन नाही, आणि हवा खेळती. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली. मुळं नसलेल्या झाडाला कडक ऊन सोसत नाही, कारण उडालेलं पाणी त्याला भरून काढता येत नाही. पण अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा टीव्हीच्या कपाटावर ठेवलं तर अन्नच तयार होत नाही, मग नवी मुळं कशातून फुटणार?

इथे सातारा आणि सांगली वेगळे पडतात. सांगली, मिरज, तासगाव, जत, आटपाडी भागात मार्च ते मे पारा ३८-४० अंशांपर्यंत जातो आणि गच्चीची फरशी त्याहून तापते. तिथे आजारी झाड जमिनीवर ठेवू नका, स्टुलावर ठेवा आणि हिरव्या शेडनेटखाली. सातारा शहरात उन्हाळा थोडा सौम्य, पण जून लागला की पश्चिमेचं झोंबरं वारं, धुकं आणि आठ-आठ दिवस न दिसणारा सूर्य. तिथे पावसाळ्यात पंखा लागणाऱ्या खोलीत, खिडकीशी जागा करा. पाचगणी-महाबळेश्वरकडे तर जून ते सप्टेंबर कुंडी बदलायचा विचारही करू नये. आणि माण-खटावमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागात राहणाऱ्यांनी हे वाचून घाबरू नये. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर म्हसवड-दहिवडीकडे ५०० मिलिमीटरच्या आसपास. एकाच जिल्ह्यात इतका फरक असताना सगळ्यांना एकच वेळापत्रक लागू पडणार नाही.

झाड सावरलं की ऊन हळूहळू वाढवा. आधी सकाळचा तासभर, दोन आठवड्यांनी तीन-चार तास.

आपल्या डोंगरांवर तर धो-धो पावसातही मांसल झाडं जगतात. मग घरच्या झाडांना पाऊस का चालत नाही?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण उत्तर साताऱ्याच्या कड्यांवरच आहे. शिंदळ माकुडी नावाची एक मांसल खोडाची वनस्पती फक्त महाराष्ट्रात सापडते. शिवनेरीसारख्या किल्ल्यांवर ती आहे, तशीच आपल्या सज्जनगडाच्या परिसरातही. तिचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून ते ठेवलं गेलं, आणि हे फ्रियर त्याआधी, १८४० च्या दशकाच्या अखेरीस, साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे तिथले ब्रिटिशांचे प्रतिनिधी होते.

ही वनस्पती कड्याच्या कपारीत, मूठभर मातीत वाढते. पाऊस कितीही पडो, पाणी उतारावरून क्षणात निघून जातं आणि वाऱ्याने खडक सुकतो. पावसात तिला पानं येतात, कोरड्या महिन्यांत पानं गळून नुसतं खोड राहतं. पाऊस तिला मारत नाही, कारण तिच्या मुळांशी पाणी थांबत नाही. आपल्या कुंडीत ते थांबतं, एवढाच फरक. आणि जेड दक्षिण आफ्रिकेतलं, एचेवेरिया मुख्यतः मेक्सिकोतलं. आपल्यासारखा चार महिन्यांचा दमटपणा त्यांच्या सवयीचा नाही.

कृपा करून कड्यावरची शिंदळ माकुडी उपटून कुंडीत आणू नका. ती आधीच दुर्मीळ आहे.

सावरल्यावर पाणी कधी आणि किती?

वार लावून पाणी देऊ नका. "दर रविवारी" हे मे महिन्यात कमी पडतं आणि ऑगस्टमध्ये जास्त होतं. उदबत्तीची जळून उरलेली कोरडी काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. काडी काळपट, ओलसर निघाली किंवा मातीचे कण चिकटून आले तर थांबा. कोरडी निघाली की आणखी दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि मग खालून वाहेपर्यंत पाणी द्या. बशीत साठलेलं ओतून टाका. रोज चमचा-चमचा पाणी घालू नका, त्याने वरची माती कायम ओली आणि खालची मुळं कायम उपाशी राहतात. पानांवर फवाराही नको. एचेवेरियाच्या गड्ड्यात पाणी साचलं तर फुंकून किंवा कागदाच्या टोकाने टिपून घ्या.

वेळ संध्याकाळची बरी. ही झाडं पानांवरची रंध्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात, तेव्हाच हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात. दिवसाच्या तापत्या कुंडीत गार पाणी ओतण्यापेक्षा ऊन उतरल्यावर दिलेलं चांगलं मानवतं. फक्त पावसाळ्यात सकाळी द्या, म्हणजे दिवसभरात सुकेल.

बोअरचं पाणी असेल तर कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी खर धरते, ते क्षार. मिरज-वाळवा पट्ट्यात क्षारपड जमिनींचा त्रास सगळ्यांना ठाऊक आहे, कुंडीतही तेच घडतं. पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी तेच भरपूर द्या, साठलेले क्षार धुऊन जातात.

ताकद यावी म्हणून खत देऊ का?

नको. नवी पानं दिसायला लागेपर्यंत, म्हणजे किमान सहा आठवडे, काहीही नको. शेणखताचं पाणी नको, डीएपीचे दाणे नको, चहाचा चोथाही नको. तुटलेल्या मुळांना खताचे क्षार भाजतात.

जेडची पानं टपटप गळतायत. हात लावला की पडतात.

आधी गळलेलं पान दाबून बघा. घट्ट, हिरवं असेल आणि फांद्या कडक असतील तर जागा बदलल्याचा, उजेड एकदम कमी झाल्याचा धक्का आहे. जेड अशा वेळी निम्मी पानं टाकून देतं आणि दीड-दोन महिन्यांनी त्याच पेरांतून नवे फुटवे काढतं. पानं नसलेली फांदी मेली असं समजून लगेच छाटू नका. नखाने साल किंचित खरवडा, खाली हिरवं असेल तर ती जिवंत आहे.

गळलेली पानं मऊ, पिवळी असतील आणि फांदी दाबल्यावर दबत असेल तर मात्र वरचा कापाकापीचा मार्ग. फांदीचा कडक शेंडा वेगळा लावा, तेवढं झाड परत मिळतं.

एचेवेरिया लांबुडकं, वाकडं झालंय.

उजेड कमी पडतोय. वाढलेली लांबी परत आखूड होत नाही. शेंडा कापून, सुकवून नव्याने लावा, उरलेल्या खोडालाही बाजूने पिल्लं फुटतात.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसतंय. बुरशी आहे का?

तासगाव-पलूसकडच्या द्राक्षवाल्याला दाखवा, तो लांबूनच सांगेल: पिठ्या ढेकूण. काडीने उकरलं की कापसाखाली गुलाबी-करडा किडा हलताना दिसतो. कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर संशय पक्का, कारण त्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याला सांभाळतात.

कानातल्या काडीला स्पिरिट लावून एकेक किडा टिपा, दर चार-पाच दिवसांनी, महिनाभर. झाड बाकीच्यांपासून लांब ठेवा. एचेवेरियाच्या पानांवरची निळसर पांढरी भुकटी मात्र कीड नाही, ती झाडाची स्वतःची उन्हापासून राखण आहे. ती पुसू नका आणि तिच्यावर निंबोळी तेलही फवारू नका, थर कायमचा जातो.

कुंडी बदलूनही झाड सुधरत नसेल तर मुळांवर बघा. मुळांना लागणारा पिठ्या ढेकूण वरून दिसतच नाही. मुळांत आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरे पिठूळ ठिपके असतात. सगळी माती काढून मुळं नळाखाली धुवा, दोन-तीन दिवस सुकवा, नव्या मिश्रणात लावा आणि जुनी कुंडी उकळत्या पाण्याने धुवा.

गळलेल्या पानांपासून नवं रोप होतं का?

एचेवेरिया, जेड आणि सेडमचं होतं. पान देठाच्या टोकासकट अखंड निघालेलं हवं, अर्धवट तुटलेलं नुसतं सुकून जातं. कोरड्या मिश्रणावर आडवं ठेवा, पुरू नका. आधी गुलाबी मुळं, मग इवलासा गड्डा. जुनं पान आपोआप सुकेपर्यंत तोडू नका. हॉवर्थियाचं पान क्वचितच जमतं, त्याची पिल्लं वेगळी करावी. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावलं तर रोप येतं, पण पिवळा काठ येत नाही. काठ हवा तर मातीतल्या गड्ड्यातून फुटलेलं पिल्लूच लावा.

पुरात कुंड्या बुडाल्या होत्या. काय करावं?

सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये हे सोसलंय. त्या दिवसांत झाडांकडे कोणाचं लक्ष असणार? घर सावरल्यावर जे हिरवं दिसेल ते घ्या. कुंडीतली माती सगळी टाका, तिच्यात गाळ आणि सांडपाणी दोन्ही मिसळलेलं असतं. हे काम हातमोजे घालूनच करा. झाड स्वच्छ पाण्याने धुवा, मुळं जवळजवळ सगळी छाटा आणि नव्या फांदीसारखं सुकवून लावा. दोन दिवस बुडालेलं स्नेक प्लांट किंवा जेड बऱ्याचदा वाचतं, एचेवेरिया क्वचित. पुराचा गाळ शेतात चांगला असेलही, पण या कुंड्यांत नको, तो सिमेंटसारखा बसतो.

सांगलीच्या गावभागात किंवा नदीकाठच्या पेठांत राहत असाल तर आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की इतर सामानासोबत या कुंड्याही वर न्या. हलक्या असतात, एका पाटीत मावतात.

घरात लहान मूल आणि मांजर आहे. यातलं काही विषारी आहे का?

जेड, कोरफड, कलांचो आणि स्नेक प्लांट कुत्र्या-मांजरांनी खाल्लं तर त्रास होतो. अडेनियमचा आणि युफोर्बियाचा चीक सगळ्यात जपण्यासारखा. छाटताना हातमोजे घाला आणि डोळ्यांना हात लावू नका. हॉवर्थिया आणि एचेवेरिया निर्धोक आहेत.

पुन्हा कुंडी कधी बदलावी?

सावरलेल्या झाडाची दोन वर्षं तरी नको. पुढे बदलायची तेव्हा दसऱ्यानंतर ते शिवरात्रीपर्यंतचा काळ धरा. हवा कोरडी असते, ऊन सोसवतं आणि जखमा लवकर सुकतात. बदलण्याआधी आठवडाभर पाणी बंद करा, कोरडी मुळं कमी तुटतात. पावसाळ्यात विकत आणलेलं रोप नर्सरीच्याच कुंडीत राहू द्या, नवरात्र झालं की हलवा. कूज लागली असेल तर मात्र मुहूर्त बघू नका.

किती दिवस वाट बघायची? मेलं असं कधी मानायचं?

मुळं नुसती दुखावली असतील तर तीन ते सहा आठवड्यांत फरक दिसतो. पहिली खूण खालच्या पानांत शोधू नका, ती सुरकुतलेलीच राहतात. मधल्या शेंड्याकडे बघा. तो घट्ट मिटलेला आणि गर्द रंगाचा झाला, किंवा झाड हलक्या हाताने हलवल्यावर डगमगेनासं झालं, की मुळांनी माती धरली. मुळं कापून नव्याने लावलेल्या झाडाला दोन-तीन महिने द्या, आणि ऐन उन्हाळ्यात हॉवर्थिया तसंही झोपी जातं, त्याला आणखी वेळ लागतो.

खोड वरपासून खालपर्यंत मऊ झालं, कापल्यावर प्रत्येक काप तपकिरी निघाला आणि एकही घट्ट पान उरलं नाही तर झाड गेलं. एखादं पान जरी चांगलं असेल तर ते आधी वेगळं काढून मिश्रणावर ठेवा. कुजलेला भाग कचऱ्यात द्या, कंपोस्टच्या खड्ड्यात नको. कुंडी घासून, कडक उन्हात दोन दिवस वाळवून मगच पुन्हा वापरा, आणि तिच्यातली माती दुसऱ्या सक्युलंटला घालू नका.